केमोचा शेवटचा डोस झाला, पण काळजी संपली का?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. "डॉक्टर, सुटलो एकदाचे! सहावा डोस झाला. रविवारी घरी सत्यनारायण ठेवलाय, तुम्ही यायचंच." स्तनाच्या कर्करोगासाठी पत्नीचे ऑपरेशन आणि त्यानंतर केमोथेरपी झाली होती. पेढा घेतला, मनापासून आनंद झाला. मग मी विचारले, "शेवटचा डोस होऊन किती दिवस झाले?"

"चार."

"घरात थर्मामीटर आहे?"

"आता कशाला? उपचार तर संपले ना?"

ताई भिंतीला डोके टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सगळे म्हणतात संपलं. मला तर उभंसुद्धा राहवत नाही."

वाचकहो, असा गैरसमज बहुतेक घरांत असतो. शेवटची सलाईन निघाली म्हणजे औषध देणे संपले. औषधाचा शरीरावरील परिणाम संपलेला नसतो. उलट त्यानंतरचे दोन आठवडे अधिक जपण्याचे असतात.

असे का होते?

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण हाडांतील मगज, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे येथील निरोगी पेशीही झपाट्याने वाढणाऱ्याच. म्हणून त्यांनाही झळ बसते. मगजात रक्तपेशी तयार होतात. त्यांपैकी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे आयुष्य फार थोडे असते. नवा पुरवठा थांबला की त्यांची संख्या लवकर घसरते. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत ती सर्वांत कमी असते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ववत होऊ लागते. अनेक उपचारांत दोन डोसांमध्ये एकवीस दिवसांचे अंतर ठेवतात, त्याचे एक मुख्य कारण हेच.

पहिल्या पाच डोसांच्या वेळी पुढच्या डोसाआधी रक्त तपासले जाई, डॉक्टर विचारपूस करत. शेवटच्या डोसानंतर पुढचा डोस नसतो. तपासणीची तारीख लांबची असते आणि घरचेही निर्धास्त होतात. पेशी मात्र सहाव्या वेळीही तशाच घसरतात.

ताप म्हणजे तातडी

सुमारे वीस वर्षांपूर्वीची माझी स्वतःची चूक सांगतो. केमोथेरपी पूर्ण झालेला एक रुग्ण संध्याकाळी ताप घेऊन आला. घसा किंचित लाल होता. साथ चालू होती. मी पॅरासिटामॉल लिहून दिले आणि "परवा या" असे सांगितले. शेवटचा डोस कधी झाला, हे मी विचारलेच नाही. तो दहावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा रक्तदाब उतरला, त्याला शहरात हलवावे लागले आणि आठ दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तो वाचला, हे त्याचे आणि माझेही नशीब. पांढऱ्या पेशी नसल्या की पू होत नाही, सूज येत नाही, छातीत कफही फारसा दिसत नाही. जंतू रक्तात पसरले तरी बाहेर खूण एकच दिसते, ती म्हणजे ताप. कधी तर तोही नसतो, नुसती थंडी वाजते किंवा रुग्ण मलूल होतो.

म्हणून शेवटच्या डोसानंतर ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक भरला, तर रात्र असली तरी उपचार केलेल्या रुग्णालयाला फोन करावा. ते दूर असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि दारातच सांगावे, "केमो चालू होती, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला." तेथे लगेच रक्त तपासून गरजेनुसार शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. ताप दडतो आणि वेळ जातो. जवळच्या दवाखान्यात कुल्ल्यावर इंजेक्शनही घेऊ नये. रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी असल्याने तेथे रक्त साकळते. याच कारणाने एनिमा टाळावा.

तोंड आणि जेवण

तोंड आले असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. ब्रश मऊ घ्यावा. मशेरी, तंबाखू पूर्ण बंद. तिखट बाजूला ठेवून मुगाची मऊ खिचडी, नाचणीची पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, पूर्ण उकडलेले अंडे असे थोडे थोडे पण वारंवार द्यावे. अन्न ताजे, नीट शिजवलेले असावे. कच्ची मोड आलेली कडधान्ये, उघड्यावरचा रस व पाणीपुरी या दिवसांत नको. तोंडाची चव बिघडलेली असते, ती बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येते. कोणी सांगितले म्हणून भस्म, काढा किंवा मुळ्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

थकवा आणि मुंग्या

हा थकवा झोपून जात नाही. काहींना तो कित्येक महिने राहतो. रुग्ण आळशी झालेला नसतो, हे घरच्यांनी समजून घ्यावे. मात्र दिवसभर पडून राहिल्यास तो वाढतो. अंगणात दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. रक्त कमी असेल किंवा थायरॉइडचा दोष असेल तर तो तपासणीत कळतो.

पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन या औषधांनी हातापायांना मुंग्या व बधिरता येते. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन यांचा त्रास शेवटच्या डोसानंतरही काही महिने वाढू शकतो, मग हळूहळू उतरतो. तोवर अनवाणी चालू नये, चूल-शेगडीजवळ जपावे, अंघोळीचे पाणी दुसऱ्याने पाहून द्यावे. बधिर पावलाला चटका बसलेला कळत नाही.

केस, विसरभोळेपणा आणि मन

केस बहुधा एक-दोन महिन्यांत फुटू लागतात; पहिले कुरळे किंवा पांढरे आले तरी घाबरू नये. नावे न आठवणे, हिशेब चुकणे हेही होते. छोटी वही जवळ ठेवावी. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, तेव्हा तरुण जोडप्यांनी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट रुग्ण सहसा सांगत नाहीत. उपचार चालू असताना वाटत नाही एवढी भीती उपचार संपल्यावर वाटते. प्रत्येक दुखण्यात रोग परत आल्यासारखा वाटतो. "आता बरी झालीस, रडतेस काय?" असे म्हणू नये. शेजारी बसून ऐकावे. झोप-भूक गेली, जगण्यात रस उरला नाही, तर डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत.

हे कात्रण कपाटाला चिकटवा

१) शेवटच्या डोसाची तारीख, औषधांची नावे व रुग्णालयाचा फोन एका कागदावर.
२) तीन आठवडे गर्दी, लग्नकार्य व सर्दी-खोकल्याची माणसे टाळावीत, सर्वांनी साबणाने हात धुवावेत.
३) ताप, थंडी, न थांबणारे रक्त, वारंवार उलट्या-जुलाब, धाप किंवा एकाच पायाला दुखरी सूज असल्यास त्याच दिवशी रुग्णालय.
४) पुढे काही महिन्यांनी, वर्षांनीही धाप लागली किंवा दोन्ही पाय सुजले तर केमो झाल्याचे सांगावे. 'लाल औषध' म्हणजे डॉक्सोरुबिसिन हृदयावर परिणाम करू शकते.
५) बरे वाटले तरी फेरतपासणीची तारीख चुकवू नये.

त्या गृहस्थांनी समोरच्या दुकानातून थर्मामीटर घेतला. रविवारी दहावा दिवस होता, म्हणून पूजा पुढे ढकलली. पुढच्या महिन्यात ताईंना पाटावर बसवेल एवढी ताकद आली की करणार आहेत. मला बोलावणे आहेच, मीही जाणार आहे.