सूर्याचा पाठ : कथा, काठी आणि खाचर

सूर्य हा विषय प्राथमिक शाळेत तीन वाटांनी येतो. मूल घरी रथसप्तमीची कथा ऐकते, पुस्तकात सूर्य हा तारा असल्याचे वाचते आणि वडीलधाऱ्यांना मिरगाची वाट पाहताना पाहते. शिक्षकाने यांचा मेळ घालून दिला नाही, तर मूल कथेला हिणवू लागते किंवा कथेलाच शास्त्र समजते. हे दोन्ही टाळणे, हा या पाठाचा उद्देश होय.

1. कथा : माघ शुद्ध सप्तमीस अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी काढतात, गोवऱ्यांवर दूध उतू जाऊ देतात. सात घोडे, सारथी अरुण, ही माहिती मुलांकडूनच वदवून घ्यावी. मात्र, सात घोडे म्हणजे प्रकाशाचे सात रंग, असे सांगण्याचा मोह आवरावा. इंद्रधनुष्यातील छटा अखंड असतात. त्यांची सातांत विभागणी न्यूटनने रूढ केली. कथा कृतज्ञता शिकविते. तेवढे तिचे काम पुरेसे आहे.

2. काठी : सूर्य पृथ्वीपासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर असून त्याचा प्रकाश येथे येण्यास आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. हे आकडे पाठ होतात. समज येते ती सावली मोजल्याने. मैदानात 100 सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवावी. बारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली ही त्या दिवसाची माध्यान्ह सावली.

उत्रोली सुमारे 18 उत्तर अक्षांशावर आहे. तेथे ही सावली 22 डिसेंबरच्या सुमारास 89 सेंटिमीटर व 21 मार्चच्या सुमारास 33 सेंटिमीटर भरते. 12 मेच्या आसपास ती नाहीशी होते. संक्रांतीस मोजल्यास सावली आधीच आखूड होऊ लागलेली दिसेल, कारण उत्तरायण डिसेंबरातच सुरू झालेले असते. संक्रांत ताऱ्यांच्या स्थितीवरून धरतात व पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्याने हे अंतर पडले आहे. सूर्याकडे थेट पाहू नये, ही ताकीद प्रारंभीच द्यावी.

3. खाचर : शेतकऱ्याची पावसाळी नक्षत्रे सूर्यावरून मोजली जातात. सूर्य 7 किंवा 8 जूनच्या सुमारास मृगात प्रवेश करतो व प्रत्येक नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. म्हणजे नक्षत्र हे ऋतूचे पंचांग आहे, पावसाचे वचन नव्हे. तारखेवर विसंबून पेरले व पाऊस लांबला, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागते.

सूर्यशक्तीविषयीचे नवे दावेही याच कसोटीस लावावेत. रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924 मधील व्याख्यानांतून निघालेल्या बायोडायनॅमिक शेतीत, गाईच्या शिंगात पुरलेली गारगोटीची पूड फवारल्यास पीक प्रकाश अधिक घेते, असे मानतात. त्यास प्रयोगांचा भक्कम आधार मिळालेला नाही. त्या पद्धतीतील कंपोस्ट व पिकांची फेरपालट मात्र निश्चित उपयुक्त आहे.

स्वाध्याय : सरळ कडांच्या डब्यात साठलेला पाऊस पट्टीने रोज मोजून नक्षत्रवार बेरीज करावी. पंचांगातील वाहनावरून वर्तविलेला पाऊस शेजारी लिहावा. निष्कर्ष शिक्षकांनी सांगू नये. वही पाहून मुलांनाच काढू द्यावा. ही वही दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवावी.