खोटी नोंद कोणाच्या खात्यावर?



मार्चअखेर जवळ आली की रविवारच्या मिस्सेला काही चेहरे दिसेनासे होतात. विचारले तर घरचे सांगतात, ‘फादर, ऑफिसात क्लोजिंग आहे.’ आपल्या उपनगरांतील कितीतरी मुले-मुली बी.कॉम. होऊन अंधेरीच्या कंपन्यांत, मुलुंड-घाटकोपरच्या पेढ्यांवर, सी.ए.च्या कार्यालयांत हिशेब लिहितात. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतो: ‘साहेबांनी सांगितली म्हणून मी खोटी एन्ट्री केली, तर पाप कोणाचे? त्यांचे की माझे?’

‘सोड ती नोकरी’ असे सांगणे आम्हाला सोपे आहे. आमच्या डोक्यावर घराचा हप्ता नाही. म्हणूनच या प्रश्नाचा आज नीट विचार करू या.

भांडुपचा धडा

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसी बँकेचे, मुख्य कार्यालय भांडुपला होते. १९८४ साली सुरू झालेली ही बँक २०१९ पर्यंत १३७ शाखांची झाली होती आणि तिच्याकडे ११,००० कोटी रुपयांहून अधिक ठेवी होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा तो आदेश होता. ज्यांची आयुष्याची पुंजी तिथे होती, ते शाखांच्या बंद दारांसमोर उभे राहिले. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. २५ जानेवारी २०२२ रोजी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विम्याच्या ५ लाखांपलीकडची रक्कम मात्र ठेवीदारांना १० वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी मिळेल असे ठरले. सत्तरी गाठलेल्या ठेवीदाराला दहा वर्षे म्हणजे काय, हे सांगायला नको.

झाले होते काय? बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे जवळपास ६,५०० कोटी रुपये, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते. त्या समूहाशी संबंधित ४४ कर्जखाती लपवण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली, असा आरोप पोलिसांकडील फिर्यादीत आहे. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच. रिझर्व्ह बँकेला तपासणीसाठी दिलेल्या यादीत तेवढी होती. बँकेच्या तेव्हाच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला पाठवलेल्या पत्रात ही लपवाछपवी मान्य केली. पुढे संचालकांबरोबर लेखापरीक्षकांनाही अटक झाली. दोष कोणाचा आणि किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे.

आपण एवढेच लक्षात घेऊ. अशी लांबलचक यादी तयार होते तेव्हा कोणीतरी संगणकासमोर बसलेले असते. आपल्या प्रश्नातला माणूस तोच. आणि दुसरी गोष्टही विसरू नये. त्या वेळच्या बातम्यांनुसार हा प्रकार रिझर्व्ह बँकेच्या कानावर घालण्यासाठी पुढे आले ते बँकेतीलच काही कर्मचारी. एकाच कार्यालयात दोन्ही वाटा खुल्या होत्या.

चूक वेगळी, खोटेपणा वेगळा

आधी एक भेद स्पष्ट करू. हिशेबात चूक कोणाचीही होते. ७१ चे १७ होतात, जमेची रक्कम खर्चात पडते. चूक सापडली की दुरुस्तीची नोंद करतात आणि ताळमेळ बसतो. खोटी नोंद मात्र सापडू नये म्हणूनच केलेली असते. मागची तारीख टाकलेले बिल, न आलेल्या मालाची पावती, कच्च्या आणि पक्क्या अशा दोन वह्या, यांत आकडे चुकलेले नसतात. ते नेमके बसवलेले असतात.

हिशेब हे शेवटी एक निवेदन असते. बँक, कर अधिकारी, भागधारक, पगारावर जगणारा कामगार हे सारे ताळेबंदावर विसंबून निर्णय घेतात. ते पेढीवर येऊन माल मोजू शकत नाहीत. ते लिहिलेल्यावर विश्वास ठेवतात. म्हणून खोटी नोंद सातव्या आज्ञेच्या आधी आठव्या आज्ञेचा भंग करते. चोरी नंतर होते, खोटी साक्ष आधी दिली जाते.

दुहेरी नोंदीच्या पद्धतीवरचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने केले. त्याचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. व्यापाऱ्याने वहीच्या आरंभी देवाचे नाव लिहावे, असे तो सांगतो. आपल्याकडचा दुकानदारही नव्या वहीवर ‘श्री’ लिहूनच पहिली नोंद करतो. वही कोणाच्या साक्षीने लिहायची, याची ती आठवण असते.

सहभाग किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याच्या पापकर्मातील सहभागाचा विचार आपल्या नीतिशास्त्राने फार बारकाईने केला आहे. अठराव्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी यांचे नाव त्यात प्रमुख आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर सहभाग दोन प्रकारचा असतो. एक मनाने: मलाही ते कृत्य हवे असते, त्यात माझाही वाटा असतो. हा सहभाग नेहमीच पाप आहे. दुसरा केवळ हाताने: मला ते नको असते, पण माझे काम त्याच्या उपयोगी पडते. इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात. मला कितपत माहीत आहे? माझे काम त्या खोटेपणाच्या किती जवळचे आहे? आणि नकार दिल्याने माझे किती नुकसान होईल?

फाईल पोचवणारा शिपाई लांब आहे. समोर आलेली बिले खरी समजून नोंदवणारी मुलगी फसवली गेली आहे; ती दोषी नाही. पण बिल बनावट आहे हे ठाऊक असून ते स्वतः तयार करणारा फार जवळ आहे. ‘मी फक्त टाइप केले’ असे त्याला म्हणता येत नाही, कारण ते टाइप करणे हेच ते खोटे आहे. आणि सर्व जाणून ताळेबंदाखाली सही करणारा तर आपल्या सहीनेच साक्ष देतो.

दडपणामुळे दोष कमी होतो, हे खरे. देव आपला घरहप्ताही पाहतो. पण दडपणामुळे खोटे खरे होत नाही. तेव्हा उत्तर असे: पाप साहेबांचे आहेच, आणि ते माझ्या वाट्यालाही येते. वाटून घेतल्याने त्यांचे कमी होत नाही.

मग करावे काय?

१. लेखी विचारावे. ‘सर, या बिलासोबत चलन दिसत नाही, पाठवाल का?’ असा साधा ई-मेल करावा. तोंडी हुकूम देणारे पुष्कळ जण लेखी उत्तर देताना थांबतात.

२. वरिष्ठांकडे जावे, आणि एकट्याने नव्हे. अनुभवी, विश्वासू माणसाचा सल्ला घ्यावा.

३. कायदा काय सांगतो ते जाणून घ्यावे. अशिलाची गुप्तता राखणे हे सी.ए.चे कर्तव्य आहे. पण माहीत असलेली महत्त्वाची बाब अहवालात दडवणे हेदेखील १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार गैरवर्तन ठरते. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १४३ (१२) तर कंपनीच्या लेखापरीक्षकावर आढळलेली अफरातफर कळवण्याचे बंधन घालते. गुप्तता हे खोटेपणाचे पांघरूण नव्हे.

४. ‘मागाहून पुसून टाकू’ या भ्रमात राहू नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठी प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते.

५. एवढे करूनही काही बदलले नाही, तर दुसरी नोकरी शोधायला लागावे. त्याला सहा महिने लागतील, पण शोध आज सुरू करावा.

आमचीही परीक्षा

उपदेश करणारा मोकळा सुटतो असे नाही. एकदा एका भल्या देणगीदाराने आम्हाला दिलेल्या रकमेपेक्षा मोठ्या रकमेची पावती मागितली. ‘फादर, चर्चचाच फायदा आहे,’ असे ते म्हणाले. छप्पर गळत होते, पावसाळा तोंडावर होता. खरे सांगायचे तर पावतीपुस्तक आम्ही उघडले होते. आमचे हिशेब पाहणारे वृद्ध गृहस्थ शेजारी बसले होते. ते एवढेच म्हणाले, ‘फादर, मला हे कोणत्या खात्यात लिहायचे ते सांगा.’ आम्हाला उत्तर देता आले नाही. पुस्तक मिटले, देणगी गेली, आणि त्या पावसात बादल्या ठेवून मिस्सा झाली. त्या गृहस्थांनी आम्हाला वाचवले, असे आम्ही मानतो.

ज्यांच्या हातून खोटी नोंद होऊन गेली आहे त्यांनी निराश होऊ नये. जकातनाक्यावर बसणारा मत्तय प्रेषित झाला. हिशेबनीस त्याला आपला आश्रयदाता मानतात. जक्कयाने केवळ पश्चात्ताप केला नाही, फसवलेल्यांना चौपट परत देण्याची तयारी दाखवली. पापनिवेदनानंतर भरपाई येते. हिशेबाच्या भाषेत, दुरुस्तीची नोंद करावीच लागते.

या आठवड्यात घरी विचार करू या: भाड्याची खोटी पावती किंवा औषधाचे जादा बिल आपण कोणाकडे मागितले आहे का? आपल्या एखाद्या हुकुमामुळे हाताखालच्या मुलाची झोप उडाली आहे का? आणि तो मुलगा ‘हे कोणत्या खात्यात लिहू?’ असे विचारू लागला, तर आपण त्याला काय सांगू?