रात्रीचा युरिया

धुळे, शनिवार

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो मामा, हो मामा" करून मोकळा होतोस, म्हणून कागद घेतला. परवा सावद्याच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेला एक पाहुणा वरणबट्टी कुस्करता कुस्करता म्हणाला, "तो सेंद्रिय केळीवाला तुमचाच भाचा ना? दिवसा जीवामृत, रात्री युरिया!" आणि खो खो हसला. माझी पुढची बट्टी ताटात तशीच राहिली. माणूस कोण ते सांगत नाही, तू भांडायला जाशील.

तेव्हा आधी सरळ विचारतो. टाकलास का युरिया?

टाकला असशील तर ते काही पाप नव्हे. दाजींनी जन्मभर टाकला, त्याच केळीवर तुझं इंजिनिअरिंग झालं. माझा राग आहे तो खोक्यावर लावलेल्या चिठ्ठीवर. तुमचा गट सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पीजीएस पद्धतीतला. तिथं गटातलेच शेतकरी एकमेकांच्या वावरात फिरून एकमेकांच्या कागदावर सह्या करतात. म्हणजे तुझ्या बांधाला बांध असलेल्या म्हाताऱ्यानं तुझी हमी घेतली आहे. गोणी फोडलीस तू आणि खोटा पडला तो. शिवाय रासायनिक सोडल्यापासून दोन-तीन वर्षं रूपांतराची असतात, तोवर 'पीजीएस ग्रीन' एवढंच छापता येतं. आक्का सांगते तू सोडून दीडच वर्ष झालं. मग पुण्याच्या बायांना तू नक्की काय म्हणून केळी विकतोस?

बरं, टाकावासा का वाटला असेल तेही मला कळतं. तू इंजिनिअर, हिशेब तूच कर. एकरी सतराशे-अठराशे खोडं, आणि विद्यापीठाची शिफारस झाडाला 200 ग्रॅम नत्राची. झालं साडेतीनशे किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र 21 किलोच्या आतबाहेर. शेणखतात मात्र शंभर किलोमागे जेमतेम अर्धा किलो, म्हणजे एका गोणीच्या तोडीला चार टन शेणखत लागतं. सगळं नत्र शेणखतातूनच द्यायचं म्हटलं तर एकरी सत्तर टन! तुझ्या गोठ्यात म्हशी दोन. जीवामृताला मी नावं ठेवत नाही. 200 लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. विरजणासारखं काम करतं ते. पण विरजणानं दही लागतं, दूध वाढत नाही. हे तुला जीवामृताच्या शिबिरात कोणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्याला केळी पिकवायची नव्हती.

श्रीलंकेनं 2021 च्या एप्रिलात रासायनिक खतं एकदम बंद केली आणि नोव्हेंबरात माघार घेतली. अख्ख्या देशाला जे झेपलं नाही ते तू भाव पडलेल्या सालात, बँकेचा हप्ता डोक्यावर घेऊन करायला निघालास. आणि नाही झेपलं तर रात्रीच्या वीजपाळीचा फायदा घेऊन व्हेंच्युरीतून युरिया सोडायचा? काय करी ऱ्हायना रे भो तू?

मला खरी धास्ती आहे ती वेगळीच. समजा पाहुणा खोटं बोलला, समजा तू युरियाचा दाणा टाकला नाहीस आणि तुझी चिठ्ठी शंभर टक्के खरी आहे. तरी तुझी केळी टिकणारी आहे का? वावरात काय टाकलं ते कागद बघतो. बोअरमधून किती उपसलं ते तुझ्या कुठल्या चिठ्ठीवर आहे? रावेर-यावलचं भूजल उपशानं खाली गेलं हे तर सरकारी पाहणीतही आहे. तुमच्या विहिरीत मी उन्हाळ्याच्या सुट्टीत उड्या मारल्या आहेत, पायऱ्या उतरलं की पाण्याला हात लागायचा. आता तीच विहीर कोरडी आणि बोअरची मोटर किती फुटांवर गेली ते तू मला सांगतही नाहीस. ठिबक आलं, चांगलंच झालं, पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली. दिवाळीला आलो तेव्हा ड्रिपरखालची माती मी नखानं उकरली होती. वर पांढरा खार, खाली ढेकूळ, गांडूळ औषधालाही नाही. खोडं बांधावर वाळत पडलेली. अरे, त्या खोडांत पालाश भरलेला असतो, कुट्टी करून वावरातच पसरायची ती.

आमच्या पांझरेकाठी फडपद्धत होती ते तुला आक्कानं सांगितलं असेल. नदीवर बंधारा, त्याचा पाट, आणि बागायतीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणून पाणी कमी असलं की एखादा फड अख्खाच कोरडा ठेवायचे आणि तोटा सगळ्यांना सारखा. पाणी पाटकरी सोडणार, मालक बारं धरायला जाणार नाही. तीनेकशे वर्षं चाललं हे, कोणाच्या चिठ्ठीशिवाय. वडील म्हणायचे, चल माझ्याबरोबर पाटावर, दाखवतो. मला धुळ्याला सिनेमाला जायचं असायचं. पुढं विहिरी झाल्या, मोटारी आल्या, मी मास्तरकीला लागलो, आणि कोणता फड कधी कोरडा ठेवायचा हे ठरवायचं कसं, ते विचारायला घरात माणूस उरला नाही. अजून वाईट वाटतं.

तरी पाणी राखणारं गाव बघायचंच असेल तर साक्रीकडचं बारीपाडा आहे. चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली ते गाव. नव्वदीच्या सुमाराला तिथं पाण्याचे हाल होते. त्यांनी आधी कुऱ्हाड बंद केली, जंगल राखलं, पाणी अडवलं. विहिरींना पाणी आलं तशी शेती सुधारली. डोंगराखालचं भातपीक आणि तुझी केळी यांत फरक आहे, मला कळतो. पण सुरुवात त्यांनी पाण्यापासून केली.

आता युरियाचं. टाकला असशील तर गटाच्या पुढच्या बैठकीत उभा राहा आणि सांग. पुन्हा पहिल्या वर्षात बसवतील, बसवू देत. दोन एकर केळी कमी कर, तिथं ताग गाड, मग हरभरा घे. उरलेली केळी साधी म्हणून बाजारात जाऊ दे, साधी केळी खाऊन कोणी मेलं नाही.

रागावलास? रागव. आक्काला मात्र यातलं काही बोलू नकोस, ती रात्रभर जागेल. तू लहानपणी पडलास तरी आधी मला येऊन सांगायचास, तिला नाही. म्हणून विचारतो, हप्ता किती थकला आहे? माझी पेन्शन बँकेत नुसती पडून असते. दोन हप्ते माझ्याकडून जातील. व्याज मी मागणार नाही, तुझी मामी भरताची वांगी मागेल, ती बामणोदची आण, दुसरी तिला चालत नाहीत. कळण्याचं पीठ दळून ठेवलं आहे. रविवारी ये. एकटा ये, आणि मुक्कामाला ये.

तुझा,
मामा

ता. क. येताना बोअरची वीजबिलं आण. वर्षभराची सगळी.