पोरांना घरीच विचारा

पहिली-दुसरीतल्या मुला-मुलींना रात्री जेवणं झाल्यावर रोज दोनच प्रश्न विचारा. त्यासाठी विचारणाऱ्याला लिहिता-वाचता आलेच पाहिजे असे नाही.

१) ऊस झाड की गवत?
– गवत. ज्वारी, मकाही त्याच कुळातली.

२) उसाची लागण कशाने करतात?
– डोळा असलेल्या टिपरीने.

३) रस काढून उरलेल्या चिपाडाचे कारखान्यात काय करतात?
– बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात.

४) महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना कोठे निघाला?
– प्रवरानगरला. पहिला गळीत हंगाम १९५०-५१.

५) महाराष्ट्र राज्य केव्हा झाले?
– १ मे १९६० रोजी.

६) राज्यातील सर्वांत उंच शिखर कोणते?
– कळसूबाई, १,६४६ मीटर.

उत्तर चुकले तर रागावू नका. रागावलं की पोरगं पुढच्या वेळी गप्प बसतं, आणि वर्गातही हात वर करत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला रानात न्या, टिपरीवरचा डोळा दाखवा. त्याने उलट प्रश्न केला आणि आपल्याला उत्तर आले नाही, तर काहीबाही सांगू नका. “उद्या गुरुजींना विचारून ये आणि मलाही सांग,” म्हणा.