एक नियम, अनेक देश

रुंद रुळांवर धावणारा आगगाडीचा डबा अरुंद रुळांवर चालत नाही. सारे सामान उतरवून दुसऱ्या गाडीत भरावे लागते. १९८५ च्या सुमारास युरोपातील भ्रमणध्वनीची अवस्था अशीच होती. ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि उत्तरेकडील देश यांच्या बिनतारी पद्धती परस्परांहून भिन्न होत्या. त्यामुळे देशाची सीमा ओलांडताच प्रवाशाचा भ्रमणध्वनी बहुधा मुका होई.

ही अडचण ओळखून युरोपातील टपाल व दूरध्वनी खात्यांनी १९८२ साली एक समिती नेमली. समान पद्धत ठरविणे सोपे नव्हते. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांचा कल प्रारंभी निराळ्या योजनेकडे होता. परंतु सर्वांच्या हितासाठी त्यांनी आपला आग्रह सोडला. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे तेरा देशांतील दूरध्वनी संस्थांनी करार केला. या पद्धतीस ‘जीएसएम’ म्हणतात. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरील पहिले संभाषण झाले. तीत एकाच लहरीवर आठ जण आळीपाळीने, क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात, बोलतात.

अमेरिकेत मात्र शासनाने ही निवड कंपन्यांवरच सोपविली. काहींनी जीएसएम स्वीकारली, तर काहींनी ‘सीडीएमए’. या दुसऱ्या पद्धतीत सारे एकाच वेळी बोलतात. परंतु प्रत्येक संभाषणास स्वतंत्र सांकेतिक खूण असते. गजबजलेल्या बाजारातही आपल्या भाषेतील शब्द आपल्या कानांना नेमके ओळखू येतात, तसेच हे होय. तथापि एका कंपनीचे यंत्र दुसरीकडे निरुपयोगी ठरे. भारतातही काही काळ या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या.

मग शहाणा निर्णय कोणाचा? युरोपातील ऐक्यामुळे प्रवाशांची सोय झाली. अमेरिकेतील मोकळिकीमुळे नव्या कल्पनेस वाव मिळाला. पुढे तिसऱ्या पिढीच्या पद्धतीत युरोपानेही सांकेतिक खुणांचे तत्त्व स्वीकारले. उलट, सीडीएमए वापरणाऱ्या व्हेरायझन या अमेरिकन कंपनीने २००७ साली चौथ्या पिढीसाठी जीएसएमच्या परंपरेतून आलेली ‘एलटीई’ पद्धत निवडली.

अशा रीतीने प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांचे गुण घेतले आणि मार्ग एकत्र आले. नवे शोधण्यास स्वातंत्र्य हवे; शोधलेले सर्वांच्या उपयोगी पडण्यास सहकार्य हवे.

स्वाध्याय
१. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी आपला आग्रह का सोडला?
२. जीएसएम व सीडीएमए यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.