एवढ्या मोठ्या आकाशात आपण कोण?



विज्ञान दिनाला आपली काही मुले खोडदची दुर्बीण पाहून आली. पुढच्याच रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात एकाने विचारले, "फादर, दुसऱ्या ग्रहावर माणसांसारखे कोणी असतील, तर येशू त्यांच्यासाठीही मेला का?" बाकीची मुले हसली. मी हसलो नाही, कारण प्रश्न खरा होता. त्याच आठवड्यात एका घरी मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "आभाळ एवढं मोठं असंल, तर माझं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचतं का हो फादर?"

दोघांचा प्रश्न मुळात एकच आहे. एवढ्या मोठ्या विश्वात आपली किंमत काय? आज त्याचा थोडा अभ्यास करू या.

विश्व केवढे आहे?

खोडद आपल्या पाबळच्या उत्तरेला, सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. तिथली जीएमआरटी ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. डोळ्यांना दिसणारा प्रकाश नव्हे, तर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. परग्रहवासीयांना शोधणे हे या दुर्बिणीचे मुख्य काम नाही. तारे, दीर्घिका आणि विश्वातील हायड्रोजन वायू यांचा अभ्यास तिथे होतो.

आपला सूर्य ज्या आकाशगंगेत आहे, तिच्यात निदान दहा हजार कोटी तारे आहेत. सूर्य सोडला तर सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाशही आपल्यापर्यंत यायला चार वर्षांहून जास्त काळ लागतो. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला. २०२५ पर्यंत सूर्यमालेबाहेरच्या अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली.

पण जीवसृष्टी? ती अजून एकाही ठिकाणी निश्चितपणे सापडलेली नाही. फ्रँक ड्रेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० मध्ये रेडिओ दुर्बिणीने परक्या संदेशांचा शोध सुरू केला. तेव्हापासून खात्रीचा एकही संदेश आलेला नाही. म्हणून कोणी नाहीच असे ठरत नाही. एक रात्र ओट्यावर बसून बिबट्या दिसला नाही, म्हणून शिवारात बिबट्याच नाही, असे आपल्याकडे कोणी म्हणणार नाही.

आपण मात्र आपला निरोप धाडून ठेवला आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या गेल्या. त्यांत ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत आपली मराठीही आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे गाणेही त्यात आहे.

ख्रिस्तसभा काय सांगते?

परग्रहावर जीव आहेत किंवा नाहीत, असा कोणताही श्रद्धासिद्धांत ख्रिस्तसभेने मांडलेला नाही. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी काही मते चुकीची ठरवली. देवाला अनेक जगे निर्माण करता येणार नाहीत, हे त्यांपैकी एक होते. देवाच्या सामर्थ्याला आपण कुंपण घालू नये, हा त्यामागचा विचार. संत थॉमस अक्वायनस स्वतः जग एकच मानत. पण कोणताही एक जीव देवाचा चांगुलपणा पुरेसा प्रकट करू शकत नाही, म्हणून देवाने नाना प्रकारची निर्मिती केली, असे त्यांनी शिकवले.

या बाबतीत आपला इतिहास सगळाच उजळ नाही. अगणित जगे मानणाऱ्या जिओर्दानो ब्रूनो यांना १६०० मध्ये रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यांच्यावर श्रद्धेविषयीचे इतर आरोपही होते, पण त्यामुळे ती शिक्षा योग्य ठरत नाही. पुढे २००८ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर फुनेस यांनी परग्रहावर बुद्धिमान जीव असणे आपल्या श्रद्धेच्या विरोधात नाही, असे उघडपणे सांगितले.

आता त्या मुलाचा प्रश्न. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी सर्व निर्मिती शब्दाच्या द्वारे झाली असे सांगितले आहे. 'सर्व' म्हटल्यावर कोणीच बाहेर राहत नाही. तिकडे कोणी असतील, तर तेही त्याच पित्याचे. त्यांनी पाप केले का, त्यांच्या तारणाचा मार्ग कोणता, हे आपल्याला सांगितलेले नाही. आपल्याला आपल्या पृथ्वीची गोष्ट सांगितली आहे आणि ती खरी आहे. दुसरे मूल जन्मले म्हणून आईची पहिल्यावरची माया अर्धी होत नाही. आपली किंमत आपण एकटे असण्यावर किंवा विश्वाच्या मध्यभागी असण्यावर अवलंबून नाही.

आजींचे गाऱ्हाणे

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी स्कियापरेली नावाचे युरोपचे छोटे यान मंगळावर उतरत होते. पृथ्वीपासून सुमारे १७ कोटी किलोमीटर दूर. त्याचा अतिशय क्षीण संदेश जगात कोणी पकडला? आपल्या शेजारच्या खोडदने. माणसाने बांधलेल्या तबकड्यांना एवढे ऐकू येते, तर ज्याने कान घडवले त्याला आजींचे गाऱ्हाणे ऐकू येणार नाही का? हा पुरावा नव्हे, समजण्यासाठी दिलेले उदाहरण आहे.

पण उदाहरण अर्धे सोडू नये. ते यान सुखरूप उतरले नाही. संदेश मध्येच थांबला आणि यान मंगळावर आदळले. ऐकले गेले म्हणजे संकट टळलेच, असे नाही. क्रुसावरून येशूने मारलेली हाकही पित्याने ऐकली होती, तरी क्रूस टळला नाही. तिसरा दिवस उजाडला तो त्यानंतर. आजी, तुमच्या गाऱ्हाण्याला हवे ते उत्तर कधी मिळेल, हे मी सांगू शकत नाही. ते ऐकले जाते, एवढे मी खात्रीने सांगतो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. रात्री अंगणात बसून सर्वांनी मिळून आठवे स्तोत्र वाचावे. आकाश पाहून स्तोत्रकर्त्याला कोणता प्रश्न पडतो?

२. आपली किंमत आपण कशावरून ठरवतो? जमीन, पगार, मान की आणखी कशावरून?

३. परग्रहावरच्या अनोळखी जिवाला आपण देवाचे लेकरू मानू. मग ऊसतोडीसाठी आपल्या शिवारात पाल ठोकून राहिलेल्या कुटुंबाशी या वर्षी आपण किती वेळा बोललो?

तुमचा धर्मगुरू