अर्धा कप चहा

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे साडेपाचला सासूबाईंनी माझ्या हातात कप दिला. "घोटभर घे गं, रिकाम्या पोटी पित्त खवळेल." रात्री दहानंतर काही घ्यायचं नाही, असं कागदावर स्पष्ट लिहून दिलं होतं. पण आमच्या घरात 'काही' म्हणजे जेवण. चहाला कोण खाणं म्हणतं? अर्धा कप प्यायले आणि लालबागहून टॅक्सीनं परळला गेले.

थिएटरबाहेर भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "काकू, सकाळपासून पोटात काय गेलंय?" ह्यांनी मागून डोळ्यांनी खुणावलं, सांगू नकोस. महिनाभर वाट पाहून तारीख मिळाली होती, ह्यांनी रजा टाकली होती. माझ्या तोंडावर 'काही नाही' आलंही होतं. पण त्या बाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या आणि मी खरं बोलले. त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही.

त्या चिडल्या नाहीत. भूल दिली की घशाची राखण झोपते, म्हणाल्या. जागेपणी ठसका लागतो, भुलीत लागत नाही. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरतं आणि त्यात जीवही जातो. साधं पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, म्हणून काही ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाच्या चहाला मात्र किमान सहा तासांचा नियम. आता चाळीत कुणाचंही ऑपरेशन असलं की आदल्या रात्री मी त्यांच्या ओट्याजवळ खडूनं लिहून येते : चहा नाही.

पुढची तारीख नेमकी गणपतीत येत होती. त्या दहा दिवसांत लालबागमध्ये आजारी माणसाला घरी आणणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. रस्ते बंद, रांगा थेट गल्लीच्या तोंडाशी, टॅक्सी आत यायला तयार नाही. म्हणून अनंत चतुर्दशीनंतरचा दिवस घेतला. आणि गौरी जेवल्या त्याच रात्री दोन वाजता उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी भिंतीला नखं रुतवली. मंडळाच्या पोरांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, गर्दीतून वाट काढत मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. इंजेक्शनांवर ती वेळ निभावली. तारीख घेताना कालनिर्णय समोर ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते ते त्या रात्रीमुळे.

दुसऱ्या खेपेला मी घरून एक यादी नेली. बीपीची गोळी, साखरेची गोळी, गॅससाठी गावाहून आणलेलं चूर्ण, गुडघ्यासाठी अधूनमधून घेते ती गोळी, पूर्वी कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं होतं ते. चूर्ण सांगायची लाज वाटत होती. डॉक्टरांनी तेच आधी बंद करायला लावलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं थांबवू नका आणि आपल्या मनानं चालूही ठेवू नका. कुठली किती दिवस आधी थांबवायची आणि कुठली त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हे डॉक्टरच ठरवतात.

बायकांसाठी एक. दागिने घरीच उतरवा. माझी जोडवी सव्वीस वर्षांत निघाली नव्हती. आयाबाईंनी साबण लावला, बोटाला दोरा गुंडाळला, दहा मिनिटं खटपट केली तेव्हा डावं सुटलं, उजवं कापावं लागलं. मंगळसूत्र काढताना मात्र माझे हात थरथरले. जाऊबाईंनी ते रुमालात बांधलं आणि पदराला गाठ मारली. थिएटरमध्ये विजेच्या उपकरणानं रक्त थांबवतात, अंगावर धातू असला तर भाजण्याची भीती असते. नखांचं पॉलिशही काढायचं, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यावर रक्तातला ऑक्सिजन बघतात.

खडे झालेली माझी पित्ताची पिशवी चार छोट्या भोकांतून काढली. डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली इथूनच जवळ, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, दुर्बिणीनं असं ऑपरेशन भारतात पहिल्यांदा केलं. त्याआधी आमच्या आत्याबाईंच्या पोटावर वीतभर व्रण राहिला होता. पण भोकं छोटी म्हणजे ऑपरेशन छोटं, असं समजू नका. मी तेच समजले.

पहिल्याच रात्री उजवा खांदा असा दुखायला लागला की मला हार्टच वाटलं. पोट फुगवायला भरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली उरतो आणि दुखणं खांद्यात उमटतं, एकदोन दिवसांत जातं, हे आधी कुणाला विचारलंच नव्हतं. तरी छातीत दाब किंवा धाप वाटली तर वायू म्हणून गप्प बसू नका.

घरी आल्यावर खरी परीक्षा चाळीची. संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, बसायचा. जाणं टाळण्यासाठी मी पाणी कमी पिऊ लागले. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट आधीच जड होतं, ते पार घट्ट झालं. चौथ्या दिवशी कुंथताना बेंबीचा टाका तडतडला. मग भाड्यानं कमोडची खुर्ची आणली. ती ऑपरेशनच्या आधी आणायची असते. सहाव्या दिवशी पहाटे नळ आला, घरात कुणी उठलं नव्हतं, मी भरलेली बादली उचलली. बेंबीजवळ सूज आली आणि पुन्हा रुग्णालयाची चक्कर झाली. नशिबानं हर्निया नव्हता. पाणी कोण भरणार, हे दाखल होण्याआधी ठरवून, त्या माणसाकडून कबूल करून घ्या.

गॅलरी मात्र कामी आली. रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत, आधी दोन फेऱ्या, मग दहा. पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात. ताप, टाक्यातून पू, वाढत जाणारी पोटदुखी, सारख्या उलट्या, डोळे पिवळे होणं, एका पोटरीची सूज, यातलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

खडे बाटलीत घालून देतात, सगळे ते बघायला येतात. काढलेली पिशवी मात्र तपासणीला जाते आणि तिचा रिपोर्ट आणायला पुष्कळ जण फिरकतच नाहीत. क्वचित त्यात कर्करोग निघतो आणि तोवर कुणाला कल्पनाही नसते. मी दोनदा गेले. पहिल्यांदा तयार नव्हता. दुसऱ्यांदा खिडकीवरच उभी राहून डॉक्टरांकडून वाचून घेतला, मग जिना उतरले.